वाहूळ सरांचा हात

वाहूळ सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते छड्या मोडताना.

औरंगपुऱ्यात आमचं शाळेच्या सामानाचं दुकान आहे. खडू, डस्टर, हजेरीपट, नकाशे असलं सगळं. लग्न होऊन मी नुकतीच त्या घरात आले होते आणि डी.एड. झालेली सून नोकरी लागेपर्यंत दुकानात बसेल, असं सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दुकानात मागच्या कोपऱ्यात वेताच्या छड्यांचा एक भारा उभा असे. पोरांना मारायला कायद्यानं बंदी आली तेव्हा तो भारा गेला नाही, फक्त पुढचा मागं सरकला. गुरुजी लोक येत, खडूचे खोके घेत, इकडंतिकडं बघत आणि हळूच विचारत, "ते हाय का?" मग सासरे मागं जात.

त्या दिवशी एक उंच, दांडगा माणूस आला. शर्टाच्या खिशाला खडूचे पांढरे डाग. "छड्या किती हायेत?" त्यानं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं.

"किती पाहिजेत?"

"सगळ्या."

पैसे आधी ठेवले, भारा उचलला आणि आमच्याच पायरीवर बसून तो एकेक छडी मोडायला लागला. वेत सरळ मोडत नाही. तो वाकतो, पिळतो, चिरतो आणि मोडणाऱ्याचा हात कापतो. हा माणूस दात आवळून, एखाद्याचा गळा धरल्यासारखा त्या छड्या पिळत होता. रस्त्यावर माणसं जमली. एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून विचारलं, "क्या हुआ चाचा, दिमाग फिरेला है क्या इसका?"

"गुरुजी, त्या छड्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" सासरे म्हणाले.

"छड्यांनी नाय," मान वर न करता तो म्हणाला, "हातानं. पण हात मोडून कसं चालंल? नोकरी हाय."

शेवटची छडी संपली तेव्हा त्याचे दोन्ही तळवे रक्तानं भरले होते. त्यानं पायरी स्वतः झाडली, तुकडे पिशवीत भरले आणि गेला. "दरसाल येतो, शाळा उघडायच्या आधी," सासरे म्हणाले. "सिल्लोडकडचा मास्तर आहे. वाहूळ." सासरे मोठे व्यवहारी. त्याच्यासाठी म्हणून ते दर जूनला एक भारा जास्तच मागवत असत.

पुढं मला नोकरी लागली. सिल्लोडहून फर्दापूरकडं जाताना हायवेच्या अलीकडं एक दोन शिक्षकांची शाळा, एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला भिल्लवस्ती. मी सिल्लोडला खोली केली, स्कुटी घेतली आणि पहिल्या दिवशी शाळेच्या दारात पोचले तर मुख्याध्यापकाच्या खुर्चीत पायरीवरचा तो माणूस.

त्या शाळेवर कुणी मागून बदली घेत नसे. वाहूळ सरांनी घेतली होती. नोकरीची सुरुवात त्यांनी इथंच केली, मग तालुकाभर फिरले आणि शेवटची वर्षं हट्टानं पुन्हा इथंच आले. का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

माणूस तापट म्हणजे किती तापट असावा. दार उघडायचं नाही, लाथेनं ढकलायचं. फळ्यावर लिहिताना खडू तुटायचा, तुटला की उरलेला फेकायचा. पण पोरांवर हात नाही. राग फारच चढला की ते वर्गातल्या लोखंडी कपाटाला बुक्क्या मारत. त्या कपाटाच्या दाराला इतके पोचे पडले होते की ते बंद होत नसे. पोरांना याची इतकी सवय की सरांचा चेहरा लाल झाला की पहिलीतली पोरंसुद्धा आपापलं दप्तर उचलून कपाटाकडं जायची वाट मोकळी करून देत. एकदा तिसरीतल्या किसननं, हा वस्तीवरचा पोरगा, फार आपुलकीनं सांगितलं होतं, "सर, कपाटाला मारून घ्या. बरं वाटंल."

शिकवायची त्यांची पद्धतही अशीच, अंगावर येणारी. वर्गात जोड्या लावायच्या. ज्याला येतं त्याच्याबरोबर ज्याला येत नाही तो. महिन्याच्या शेवटी चाचणी, आणि दोघांपैकी ज्याला कमी मार्क, तेच दोघांचे मार्क. "शिकलं ते एकट्याच्या पोटात ठेवायचं नाय," सर गरजत. "शेजाऱ्याला आलं नाय तं तुलाबी आलं नाय." सुरुवातीला मला हा अन्याय वाटला. दोन महिन्यांनी पाहिलं, तर मधल्या सुट्टीत पोरं खिचडीचं ताट बाजूला ठेवून एकमेकांना पाढे विचारत होती. वस्तीवरची जी पोरं भिंतीला चिकटून बसायची, त्यांच्याभोवती आता घोळका असे, कारण त्यांना पाढे येण्यावर सगळ्यांचं अडलं होतं.

गावात मात्र हे पचलं नाही. दत्ता नावाचा मोठा बागायतदार होता, जुन्या सरपंचाचा मुलगा. त्याचा यश हुशार, त्याची जोडी किसनशी. एका महिन्यात यशनं किसनला काही शिकवलंच नाही. दोघांना दहापैकी चार. दुसऱ्या दिवशी दत्ता दोन माणसं घेऊन थेट वर्गात आला.

"माझ्या पोराला वस्तीवरच्या पोराचे मार्क देता तुम्ही?"

"त्याचे त्यानं कमावलेत," सर म्हणाले. "शिकवायचं काम त्याचं व्हतं."

दत्तानं कॉलर धरली. दोन गुंड्या तुटून उडाल्या. मग त्यानं सरांच्या जातीवरून एक शब्द काढला. तो मी इथं लिहिणार नाही, पण वर्गात तेव्हा सगळी पोरं बसलेली होती, आणि किसनच्या शेजारी यश होता. सरांनी दत्ताच्या नाकावर एकच बुक्की ठेवून दिली. जाजमावर रक्ताची धार लागली. मग त्या दोघांनी सरांना खाली पाडून त्यांच्याच खुर्चीनं मारलं. मी पोरांना आतल्या खोलीत कोंडून दाराला पाठ लावून उभी होते. मधे पडायला हवं होतं. पडले नाही. माझे पाय हलले नाहीत, हे खरं.

मारणारे गेल्यावर मी रडत रडत त्यांच्या कपाळाला कापूस लावला. "सर, तुम्ही तर हात उचलत नाही म्हणता."

"पोरांवर नाय म्हणलो व्हतो," ते म्हणाले. "बापांचं काय बोललो नव्हतो."

दोन्हीकडून तक्रारी झाल्या, मोठ्या लोकांनी बसून मिटवल्या. पण दत्तानं सूड वेगळा घेतला. पंधरा दिवसांत सिल्लोडच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला लागली आणि गावातली पोरं एकेक करून त्या गाडीत चढली. यशसुद्धा. जाताना तो खिडकीतून किसनकडं बघत होता. शाळेचा पट एकोणीसवर आला. सगळी वस्तीवरची.

आणि तेव्हाच ते वारं सुटलं होतं, वीसच्या आत पट असलेल्या शाळा मोठ्या शाळेत मिळवायच्या. समूह शाळा म्हणे. तिथं संगणक, तिथं मैदान. आमच्यासाठी ती शाळा हायवेच्या पलीकडं होती. वस्तीवरच्या बायका एका आवाजात म्हणाल्या, पोरं जातील कशीतरी, पोरी काही पाठवायच्या नाहीत. एकोणिसात अकरा पोरी होत्या. सरांच्या एका बुक्कीनं अकरा पोरींची शाळा पणाला लागली होती आणि हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते कपाटाला मारेनासे झाले. मला ते जास्त भीतिदायक वाटलं.

केंद्रप्रमुख तपासणीला आले. भला माणूस, फायलीतला. "वाहूळ सर, धोरण आहे. पोरांच्या भल्याचंच आहे. मोठ्या शाळेत सोयी मिळतात."

"चला," सर म्हणाले आणि त्यांचं मनगट धरून त्यांना ओढत हायवेवर घेऊन गेले. मी मागं पळाले. "आता तुम्ही दुसरीतली पोर. पाठीवर दप्तर हाय. जा पलीकडं."

ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. कापसानं भरलेला एक ट्रक असा गेला की साहेबांची फाईल हातातून उडाली. सर त्यांना घेऊन अर्ध्या रस्त्यात गेले आणि तिथंच उभे राहिले. दोन्ही बाजूंनी भोंगे. साहेब ओरडत होते, "सोडा, वाहूळ, मी मरेन." सरांनी त्यांना परत आणलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेलाच खाली बसले. निलंबित करतील असं मला वाटलं. पण त्यांनी पाणी प्यायलं, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, महिनाअखेर वीस दाखवा. एक नाव वाढवून टाका की. मी काही डोकी मोजायला बसत नाही."

मी नाव वाढवलं. नणंदेचा आर्यन संभाजीनगरात मोठ्या शाळेत जातो, त्याचं नाव आमच्या पहिलीच्या हजेरीत लिहिलं. मला वाटलं, अकरा पोरी वाचतात तर एका खोट्या नावानं काय बिघडतं. दुसऱ्या दिवशी सर हजेरी घेताना विसाव्या नावावर थांबले.

"हा कोण?"

मी खरं सांगितलं. त्यांचा चेहरा लाल होत होत काळा पडला. त्यांचा उजवा हात वर गेला, आणि मी डोळे मिटले, कारण तो माझ्यावरच उचललेला होता. तेवढ्यात सरसर आवाज झाला. पोरांनी सवयीनं दप्तरं उचलून कपाटाची वाट मोकळी केली होती. सर वळले आणि कपाटाच्या आडव्या पट्टीवर असा हात घातला की हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

सिल्लोडच्या दवाखान्यात त्यांच्या हाताला प्लास्टर घातलं. मग म्हणाले, "बाई, खोटं नाव घातलं की खऱ्या पोराची जागा जाते. विसावं पोरगं हाय. कुठं हाय ते मला म्हाईत हाय. माझीच हिंमत होत नव्हती."

आणि त्यांनी सांगितलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी, नवीन नोकरी. शाळेला पहिला पृथ्वीगोल आला होता, काचेसारखा चकचकीत. दुसऱ्याच दिवशी तो फुटलेला सापडला. जवळ दोन पोरं उभी. एक सरपंचाचा दत्ता, एक वस्तीवरचा सुकलाल. सरांनी सुकलालच्या कानाखाली मारली. त्याच्या कानातून रक्त आलं. तो रडलासुद्धा नाही, दप्तर तिथंच टाकून घरी गेला आणि पुन्हा शाळेत आला नाही. तो कान कायमचा गेला. "त्याची पोरगी रोशनी, सात वर्षांची हाय," सर म्हणाले. "शेळ्यांमागं असते. त्यो तिला शाळेच्या बाजूला फिरकू देत नाय."

सरांना गाडी चालवता येईना म्हणून मी त्यांना स्कुटीवर बसवून वस्तीवर नेलं. सुकलाल अंगणात बाभळीचं खोड फोडत होता. आम्ही दिसलो तरी कुऱ्हाड थांबली नाही. सर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. चुकलं, म्हणाले. पुष्कळ बोलले. त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सुकलाल लाकूड फोडत राहिला. शेवटी त्यानं घाम पुसला आणि मान वळवली.

"त्या बाजूनं बोलू नका, मास्तर. ती बाजू तुमीच बंद केली."

सर चुपचाप त्याच्या उजवीकडं गेले. पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायची त्यांची छाती झाली नाही. सुकलालचं लक्ष प्लास्टरकडं गेलं.

"कोणाला मारलं?"

"कपाटाला."

"आन दत्ताला मारलं म्हंत्यात लोकं. खरं हाय का?"

"मारलं."

"लई उशिरा मारलं." त्यानं कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "एक सांगा. गोल कोणी पाडला, ते तुमाला तव्हा म्हाईत व्हतं का?"

झोपडीच्या दारात त्याची बायको उभी होती, तिच्या मागून एक पोरगी डोकावत होती. मला वाटलं, सर नाही म्हणतील. मी असते तर म्हटलं असतं.

"व्हय," सर म्हणाले. "खिडकीतून पाह्यलं व्हतं. दत्तानं पाडला. त्याच्या बापाचं भेव वाटलं. माझी नोकरी नवीन व्हती. तुझा बाप भांडायला येणार नाय, हे म्हाईत व्हतं. म्हणून तुला मारलं."

कुऱ्हाड सुटली. ती सरांच्या पायापासून वीतभर अंतरावर जमिनीत रुतली, पातं सगळं आत. बायको किंचाळली. सर जागचे हलले नाहीत. सुकलालची छाती भात्यासारखी हलत होती.

"जा," तो म्हणाला. "निघा इथून."

परत येताना सर माझ्या मागं बसून रडत होते. मला पाठीला कळत होतं. मी गाडी थांबवली नाही. मलाही त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना सुकलाल आला. एका हाताला धरलेली रोशनी, खांद्यावर कुऱ्हाड. प्रार्थना तिथंच थांबली.

"नाव लिवा," तो म्हणाला. "पन मी हितं बसणार. रोज. दारात. तुमचा हात वर गेला की मी हाय."

"बस," सर म्हणाले आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात, विसावं नाव त्यांनी स्वतः लिहिलं. आर्यनच्या नावावर मी आधीच काट मारली होती.

सुकलाल खरंच बसला. सकाळी खडी फोडायचं काम सोडून दुपारपर्यंत उंबऱ्यावर, कुऱ्हाड मांडीवर आडवी. महिनाअखेर केंद्रप्रमुख आले, त्यांनी या वेळी डोकी मोजली. वीस भरली. मग दबक्या आवाजात विचारलं, "हे दारात कुऱ्हाड घेऊन कोण बसलेत?"

"शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष," सर म्हणाले. साहेबांनी तसं लिहून घेतलं. पुढच्या सभेत आम्हाला ते खरं करून घ्यावं लागलं.

सरांचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी दुकानातून एक पृथ्वीगोल आणला. त्या खोट्या नावाची भरपाई म्हणून, असं मनात होतं. सरांनी पंचवीस वर्षांत कुठल्याच शाळेत गोल येऊ दिला नव्हता. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत न्यायला निघाले. मग म्हणाले, "राहू द्या."

तिसऱ्या दिवशी तो पडला. प्लास्टिकचा असल्यानं फुटला नाही, बरोबर मधोमध उकलला आणि अर्धी पृथ्वी घरंगळत सरांच्या पायाशी आली. टेबलाजवळ रोशनी उभी होती आणि तिची जोडीदारीण, किसनची बहीण. दोघी गोठलेल्या. पोरांनी दप्तरं उचलली, कपाटाची वाट मोकळी झाली. सरांचा उजवा हात वर गेला होता. त्यांनी नेला नव्हता, तो गेला होता. दारात सुकलाल उभा राहिला, कुऱ्हाड दोन्ही हातांत. मी या वेळी हलले. सुकलाल आणि सरांच्या मधे जाऊन उभी राहिले.

सरांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं आणि ओढून खाली आणलं. एखादं जनावर आवरावं तसं. त्यांना दम लागला होता. ते खाली बसले, रोशनीच्या डोळ्यांच्या पातळीला आले.

"कोणी पाडला?" त्यांनी विचारलं.

रोशनीनं आधी बापाकडं पाहिलं, मग सरांकडं.

"मी," ती म्हणाली. "आफ्रिका बघत व्हते."

"सापडली का?"

"नाय."

सरांनी पायाशी पडलेली अर्धी पृथ्वी उचलली आणि तिच्या हातात दिली. "शोध मग. आन हिलाबी दाखव." मग ते बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभे राहिले. सुकलाल खाली बसला होता, भिंतीला टेकून, आणि त्यानं उजव्या कानावर हात ठेवला होता, चांगल्या कानावर. त्याला काही ऐकायचं नसावं. दुसऱ्या दिवशी तो आला, पण कुऱ्हाड आणली नव्हती. त्यानंतर आठवड्यानं यायचा थांबला. रोशनी येत राहिली.

शाळा त्या वर्षी वाचली. पुढच्या वर्षाचं पुढं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मे महिन्यात सर निवृत्त झाले. निरोपसमारंभाला त्यांनी साफ नकार दिला, नारळ देणाऱ्यावर खेकसले आणि शेवटच्या दिवशी दाराला नेहमीसारखी लाथ घालून बाहेर पडले. फाट्यापर्यंत स्कुटीवर सोडते म्हटलं तर म्हणाले, चालत जातो, सुकलाल येतोय सोबत.

मी थोडी पुढं जाऊन थांबले. गाडीच्या आरशात ते दोघं येताना दिसत होते, सुकलालच्या खांद्यावर सरांची ट्रंक. सर काहीतरी सांगत होते, नेहमीसारखे हात हलवत. बोलता बोलता ते सुकलालच्या डाव्या बाजूला गेले. सुकलाल काही म्हणाला नाही, नुसता चालत राहिला. दहाबारा पावलांनी सरांच्या लक्षात आलं. ते थांबले, त्याच्या पुढून वळसा घालून उजवीकडं गेले आणि जे सांगत होते ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.